टेबलाची खालची बाजू : जुन्या मेजांची पारख आणि निवड

जुन्या टेबलाचा वरचा पृष्ठभाग हा त्याच्या वयाचा सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार असतो, कारण दर पिढीत रंध्याखाली येतो तो तोच, पॉलिशचे नवे थर चढतात ते त्याच्यावरच आणि विकणाऱ्याचे बहुतेक कसबही तिथेच खर्ची पडते. खालच्या बाजूकडे मात्र अनेक वर्षे कोणाचे लक्ष गेलेले नसते. तिथे करवतीचे ओरखडे, सुताराने आखलेल्या रेघा, काढून टाकलेल्या स्क्रूंची रिकामी भोके आणि हवेने काळवंडलेले उघडे लाकूड जसेच्या तसे राहते. टेबल उलटे करून पाहावे, हे इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेली मार्गदर्शक पुस्तकेही सांगतात. परंतु त्या पुस्तकांतील खुणा मुंबई, पुणे किंवा मडगावच्या बाजारातील टेबलाला जशाच्या तशा लावल्या, तर निष्कर्ष हमखास चुकतो, कारण इथले लाकूड वेगळे, हवा वेगळी आणि सुताराची हत्यारे बदलण्याचा वेगही वेगळा होता.

उंच पायांचे टेबल महाराष्ट्रातील घरांत तसे उशिरा आले. वाड्यांत जेवण पाटावर होई, पूजेला आणि मंगलकार्याला चौरंग असे आणि हिशेबनीस बैठकीवर मांडी घालून उतरत्या झाकणाच्या बुटक्या डेस्कावर लिहीत. आज जी जुनी टेबले बाजारात दिसतात, त्यांचा उगम म्हणूनच बव्हंशी युरोपीय वसाहतींत, बंदरांतील व्यापारी कुटुंबांत आणि ब्रिटिश काळातील कचेऱ्या-बंगल्यांत सापडतो, आणि त्यांची घराणी मोजकीच आहेत.

त्यांतील सर्वांत जुने घराणे गोव्याचे. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज घरांसाठी आणि चर्चसाठी स्थानिक कारागिरांनी युरोपीय आकारांची मेजे आणि कपाटे घडवली. सागवान किंवा शिसवीच्या लाकडात एबनी आणि हस्तिदंताचे बारीक तुकडे बसवून केलेले जडावकाम ही त्यांची ओळख होय. या काळातील अस्सल नमुने आता संग्रहालयांतच पाहावेत; बाजारात कोणी सतराव्या शतकातील गोव्याचे मेज देऊ केले, तर ते तसे नसण्याचीच शक्यता फार मोठी असते. एकोणिसाव्या शतकातील गोव्याची जेवणाची लांब टेबले मात्र अजून मिळतात, आणि ती आपल्या मूळ जागी कशी शोभतात हे पाहायचे असेल, तर चांदोर येथील ब्रागांझा घराण्याच्या वाड्यासारख्या लोकांना खुल्या असलेल्या घराला भेट देण्याइतका चांगला अभ्यास नाही.

दुसरे घराणे मुंबईच्या कोरीव शिसवीचे. इंग्रजी व्यापारात त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ असे नाव पडले, कारण भारतीय शिसवीचे लाकूड, ज्याचे शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया आहे, पॉलिशनंतर जांभळट काळे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फोर्टमधील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रोड, हे या कामाचे प्रसिद्ध केंद्र होते. या टेबलांचे टॉप (वरच्या फळीला बाजारात सरसकट हाच शब्द आहे) बहुधा गोल किंवा लाटेसारख्या कडांचे असतात, मध्ये एकच जाड खांब असतो, आणि खांबापासून कडेखालच्या पट्टीपर्यंत वेली, पाने, फुले आणि पक्षी यांचे आरपार कोरलेले जाळीकाम पसरलेले असते. आकार व्हिक्टोरियन काळातील युरोपीय आवडीचे आणि हात इथल्या कोरकाम करणाऱ्यांचा, असा हा संकर असून त्याचे कौतुक करताना एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे, की यांतील अनेक टेबले वापरण्यापेक्षा पाहण्यासाठीच बरी असतात. जाळीत धूळ बसते, नाजूक पाने गुडघा लागून मोडतात आणि लहान घरात एवढे कोरकाम डोळ्यांवर येते. खरेदी करताना जाळीचे तुटलेले भाग मोजावेत आणि कोरकामाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवावे. पटाशीचे चढउतार बोटाला जाणवतात, तर यंत्राच्या फिरत्या पात्याने काढलेल्या खोबणीचा तळ सर्वत्र सारखाच गुळगुळीत लागतो.

संख्येने सर्वांत मोठे घराणे बर्मा सागवानाचे. ब्रह्मदेशातील सागवानाच्या व्यापारासाठी १८६३ मध्ये ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काळात मोठ्या, सरळ रेषांच्या, गाठी नसलेल्या फळ्या पश्चिम किनाऱ्यावर मुबलक येऊ लागल्या. कचेरीतील खणांची लिहिण्याची टेबले, बंगल्यांतील जेवणाची टेबले आणि शाळा-दवाखान्यांतील साधी मेजे या लाकडात बनली. त्यांना कोरकामाचा डौल नाही, पण रोजच्या घरासाठी यांच्याइतकी शहाणी निवड दुसरी क्वचितच असेल. याच घराण्याची एक शाखा म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांसाठी केलेली घडीची टेबले. त्यांचे पाय आटे फिरवून सुटे होतात आणि कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असतात, कारण ती बैलगाडी आणि रेल्वेतून सतत हलवली जात. इराणी हॉटेलांतील संगमरवरी टॉपची टेबले ही तशी अलीकडची, मुख्यतः विसाव्या शतकातील; धोबी तलावावरील कयानी १९०४ मध्ये सुरू झाले, यावरून त्या काळाचा अंदाज येतो. १९३० आणि १९४० च्या दशकांतील आर्ट डेको शैलीची गोलाकार कोपऱ्यांची टेबले मरीन ड्राइव्हच्या काळातल्या मुंबईची आहेत, मात्र शंभर वर्षांचा निकष लावला तर ती अद्याप ‘अँटीक’ ठरत नाहीत.

आता खुणांकडे वळता येईल. इंग्रजी पुस्तकांतील पहिला नियम असा, की खणाच्या आतल्या बाजूंना आणि तळाला स्वस्त पाइन किंवा ओक असावा आणि दर्शनी भागावर महागड्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर, असावा. पश्चिम भारतातील टेबलात बहुतेक वेळा यांपैकी काहीच आढळत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस मऊ पडतो आणि व्हिनिअर फुगून सुटते, शिवाय मऊ लाकूड वाळवी सोडत नाही. त्यामुळे इथल्या सुताराने खणाच्या तळापासून टॉपपर्यंत भरीव कठीण लाकूडच वापरले आणि सरसावर विसंबण्याऐवजी सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या. खणाच्या आत सागवान दिसले म्हणून टेबल नवे किंवा बनावट ठरवणे ही परदेशी पुस्तक वाचून केलेली चूक होय. याच कारणाने एकोणिसाव्या शतकातले म्हणून दाखवलेल्या स्थानिक टेबलावर मोठ्या क्षेत्रात अखंड, सपाट व्हिनिअर आढळले, तर शंका घ्यावी.

दुसरा नियम हातकामाचा. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गोल करवतीचा वापर वाढत गेला, आणि तिने कापलेल्या फळीवर कमानीसारखे वक्र ओरखडे उमटतात. त्यापूर्वी दोन माणसे खड्ड्याच्या वर-खाली उभी राहून ओंडका कापत, तेव्हा ओरखडे सरळ पण असमान अंतराचे येत. तसेच खणाच्या कोपऱ्यांतील डव्हटेल, म्हणजे पंख्यासारख्या रुंदावणाऱ्या दातांनी एकमेकांत अडकणाऱ्या दोन फळ्यांचा सांधा, हाताने कापला असेल तर दात कमी-जास्त रुंद असतात आणि यंत्राने कापला असेल तर सर्व एका मापाचे. तिकडे या फरकावरून बऱ्याच वेळा वय सांगता येते. इथे मात्र हातकरवत, पटाशी आणि रंधा हीच हत्यारे विसाव्या शतकात खूप उशिरापर्यंत सुताराच्या हाती राहिली, म्हणून हाताने कापलेले डव्हटेल असलेले टेबल १८७० चे असू शकते आणि १९७० चेही. नियम उलट्या दिशेने मात्र उपयोगी पडतो: यंत्राची स्पष्ट खूण दिसली तर टेबल किंवा त्याचा तेवढा भाग फार जुना नाही असे म्हणता येते, पण हाताची खूण दिसली म्हणून ते जुने आहे असे म्हणता येत नाही.

मग वय ठरवायचे कशावरून? इथल्या टेबलांच्या बाबतीत लाकडापेक्षा धातू अधिक बोलका ठरतो, कारण स्क्रू, कुलपे, बिजागऱ्या आणि पायांची पितळी चाके बऱ्याच प्रमाणात ब्रिटनमधून आयात होत आणि तिथल्या कारखान्यांचा इतिहास नोंदलेला आहे. अणकुचीदार टोकाचे यंत्रनिर्मित स्क्रू १८४० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले. त्याआधीच्या स्क्रूंचे टोक बोथट असते आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यापासून थोडी सरकलेली असते. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापूर्वी असूच शकत नाही. चौकोनी, निमुळते होत गेलेले लोहाराचे खिळे आणि गोल तारेचे कारखान्यातील खिळे यांतही असाच फरक आहे. काही ब्रिटिश धातुकामावर चौकटच्या पानासारखी नोंदणीखूण असते. ती १८४२ ते १८८३ या काळात वापरली गेली, आणि १८८४ पासून तिच्या जागी अनुक्रमांक आले. ही खूण नमुन्याच्या नोंदणीचा काळ सांगते, वस्तू त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते. मुंबईच्या टेबलांना लागू पडणारी आणखी एक सोपी मर्यादा आहे: खणाच्या कुलपावर गोदरेजचे नाव असेल, तर ते कुलूप १८९७ नंतरचे आहे, कारण त्या वर्षी लालबागमध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपे बनवण्यास सुरुवात केली.

धातूवर विसंबताना एक खबरदारी घ्यावी लागते. कुलूप बदलता येते, हँडल बदलता येतात आणि जुने स्क्रू नव्या टेबलाला लावता येतात. खरी जुनी कुलपे बसवलेल्या खणात कुलपाची खाच त्याच्या बाहेरील कडेशी तंतोतंत जुळते आणि आजूबाजूला दुसऱ्या मापाच्या कुलपाची भरलेली खाच दिसत नाही. जुन्या स्क्रूभोवतीच्या लाकडावर लोखंडाच्या गंजाचा काळसर वलयाकार डाग पडलेला असतो, जो घाईने आणता येत नाही.

लाकडाचे आकुंचन ही बनावट करणाऱ्याला सर्वांत अवघड जाणारी खूण आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे आकसत नाही, पण त्यांच्या आडव्या दिशेने वर्षानुवर्षे थोडे थोडे आकसते, म्हणून एकेकाळी कंपासाने काढलेल्या वर्तुळाचा टॉप कालांतराने किंचित लंबगोल होतो. टेपने तंतूंच्या दिशेचा आणि आडव्या दिशेचा व्यास मोजला, तर मोठ्या गोल टॉपमध्ये काही मिलिमीटरपासून सेंटिमीटरभरापर्यंत फरक मिळू शकतो. कातारीने कातलेल्या पायांनाही हेच लागू आहे. कॅलिपरने किंवा जाड कागदाच्या पट्टीने दोन दिशांनी माप घेतल्यास अगदी नेमके गोल निघणारे पाय संशयास्पद मानावेत. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलते, त्यामुळे त्यात हा फरक लहान असतो आणि शिसवीपेक्षा अधिक काळजीने मोजावा लागतो. सांध्यात ठोकलेल्या खुंट्या तर भोवतालचे लाकूड आकसल्यामुळे केसभर बाहेर आलेल्या असतात, आणि त्यांवरून बोट फिरवले की ते लगेच कळते.

झीज वापराच्या जागीच आहे का, हेही पाहावे. खण ओढताना ज्या पट्ट्यांवर घासतो, त्या पट्ट्या आणि खणाच्या खालच्या कडा एकमेकांना जुळेल अशा झिजलेल्या असाव्यात. पायांमधील आडव्या दांड्याची वरची बाजू बूट ठेवून झिजते, खालची नाही. पायांचे तळ पावसाळ्यातील फरशी पुसण्याच्या पाण्याने काळवंडतात. सर्व कडा सारख्याच गोल झालेल्या असतील, किंवा ठोकल्याचे खळगे अगदी सारख्या अंतराने पसरलेले असतील, तर ती झीज कारखान्यात साखळी आणि वायरब्रशने केलेली असते. लाकडाचा रंगही याच दृष्टीने वाचावा. जुन्या शिसवीचा उन्हात राहिलेला भाग तपकिरी पडतो, म्हणून पितळी हँडल सोडवून त्याखालचा भाग पाहिला तर तो अधिक गडद असतो. सागवान उलट हवेने आणि हातांच्या स्पर्शाने गडद होत जाते. खालच्या बाजूचे लाकूड कोरडे, राखाडी-तपकिरी आणि असमान दिसावे. तिथेही काळसर रंगाचा एकसारखा हात फिरवलेला दिसला, तर तो कोणी आणि कशासाठी फिरवला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पॉलिशबद्दल थोडक्यात इतकेच, की लाखदाण्याचे स्पिरिटमधील पॉलिश स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने चिकट होऊन सुटते, तर आधुनिक मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनचे पॉलिश सुटत नाही. ही चाचणी आतल्या कोपऱ्यात, दुकानदाराची परवानगी घेऊनच करावी. नवे पॉलिश असणे हा दोष नाही. पण त्यासाठी टॉप यंत्राने इतका घासला गेला असेल की जुना रंग उरलाच नाही, तर टेबलाचे निम्मे मोल गेले असे समजावे.

बाजारात पूर्ण बनावटीपेक्षा अर्धी खरी टेबले जास्त भेटतात. एका टेबलाचा टॉप आणि दुसऱ्याचे पाय, मोडलेल्या पलंगाच्या खांबांपासून केलेले पाय, किंवा जेवणाच्या लांब टेबलाचा कापून केलेला टीपॉय असे हे प्रकार असतात. टॉपच्या खालच्या बाजूला आत्ताच्या पायांशी संबंध नसलेली भोके आणि जुन्या चौकटीच्या सावलीसारखे फिकट पट्टे दिसले, की जोड उघड होते. मुंबईत मटन स्ट्रीटच्या चोरबाजारात आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, तसेच पुण्याच्या जुन्या बाजारात जुने आणि जुन्यासारखे केलेले सामान शेजारी शेजारी मांडलेले असते. जोधपूरहून जुन्या इमारतींच्या लाकडापासून बनवलेली नवी टेबलेही येतात, ज्यांत लाकूड खरोखर जुने आणि टेबल खरोखर नवे असते. वाड्याच्या दरवाजावर काच टाकून केलेले टेबल हाही तसाच प्रकार. त्यात फसवणूक काही नाही, फक्त किंमत दरवाजाची द्यावी, अँटीक टेबलाची नव्हे.

कायद्याची बाजू अनेक ग्राहकांना ठाऊक नसते. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांची कारागिरीची वस्तू पुरावस्तूत मोडते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आजोळचे टेबल जहाजाने पाठवण्याचा बेत करण्याआधी हे तपासावे. हस्तिदंती जडावाचे टेबल तर विकत घेऊच नये, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आहे.

अस्सलपणाची खात्री झाली तरी ते टेबल घरात चालेल का, हा प्रश्न वेगळाच आहे आणि तो टेप घेऊनच सोडवावा लागतो. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते. बैठकीच्या दालनासाठी केलेली काही जुनी टेबले याहून बुटकी असतात, आणि त्यांच्या पायांखाली ठोकळे लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याने प्रमाण बिघडते. उंचीपेक्षा महत्त्वाचे माप म्हणजे टॉपखालच्या उभ्या पट्टीपासून जमिनीपर्यंतचे अंतर. ते सुमारे ६० सेंटिमीटरहून कमी असेल, तर खुर्चीवर बसणाऱ्याचे गुडघे पट्टीला लागतात, आणि खणांच्या कचेरी-टेबलांत ही अडचण नेहमीची असते. एका माणसाला ६० सेंटिमीटर कड लागते, पण पाय कोपऱ्यांत असतील तर हिशेबात बसणारी सगळीच माणसे प्रत्यक्षात बसत नाहीत. मधल्या खांबाचे गोल टेबल म्हणूनच लहान जागेत सोयीचे पडते, फक्त त्यावर कडेला रेलल्यास ते कलते का, हे दोन्ही हातांनी दाबून पाहावे. टेबल आणि भिंतीमध्ये खुर्ची मागे ओढून जाण्यायेण्यासाठी ९० सेंटिमीटर सोडता येत नसतील, तर पाखे खाली सोडता येणाऱ्या टेबलाचा विचार करावा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये प्रचलित झालेल्या पेम्ब्रोक टेबलाला चौकटीतून बाहेर येणाऱ्या छोट्या लाकडी कंसांवर टेकणारी दोन पाखे असतात. त्याहून जुन्या गेटलेग प्रकारात पाखाखाली फाटकासारखा एक जादा पाय फिरून येतो. अशा टेबलात पाखाच्या बिजागऱ्या आणि तिथले लाकूड सर्वांत आधी थकते, म्हणून पाखे दोन-चार वेळा उघडून मिटून पाहावीत.

किनाऱ्यावरच्या घरात सागवान निर्धास्त घ्यावे. शिसवी चालते, पण वातानुकूलित खोलीत ती कोरडी पडून जुन्या जोडांवर भेगा उघडू शकते, आणि अशी भेग घाईने लांबीने बुजवण्यापेक्षा पावसाळा येऊन जाईपर्यंत तशीच ठेवलेली बरी, कारण दमट हवेत ती पुष्कळदा पुन्हा मिटते. गोवा आणि दक्षिण कोकणात फणसाच्या लाकडाची साधी टेबले मिळतात. त्यांचा मूळ पिवळा रंग काळाने मधासारखा तपकिरी होतो आणि स्वयंपाकघरातल्या कामासाठी ती उत्तम असतात. किडीची भोके दिसली तर लगेच नकार देण्याचे कारण नाही, भोकांच्या कडा काळ्या असतील तर कीड जुनी आणि बहुधा मेलेली असते; खाली ताज्या पिठासारखा भुसा पडत असेल तर मात्र टेबल घरातल्या इतर लाकडाजवळ आणण्यापूर्वी औषधोपचार झाला पाहिजे. संगमरवरी टॉपला लिंबू आणि चिंचेचे डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत.

शेवटी वाहतूक. चाळीच्या जिन्यातून किंवा लिफ्टमधून टेबल नेण्याआधी ते सुटे होते का हे दुकानातच पाहावे, कारण बरीच जुनी मोठी टेबले पाय सोडवता येतील अशीच केलेली असतात. सोडवलेला प्रत्येक स्क्रू कुठला हे खडूने लिहून ठेवावे, संगमरवराची फळी आडवी न धरता कडेवर उभी न्यावी, आणि हमालांना टॉपला धरून उचलू देऊ नये. पाय जोडलेल्या चौकटीला हात घालूनच टेबल उचलायचे असते.